मोठ्या व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) खरेदीवरून आम्हाला एक तारा देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. मशीन दाखवायचं सोडून आम्ही महिनाभर प्रश्नच विचारत बसलो; क्रेन किती टनाची, शेडखाली माती कसली, असली चौकशी करून तुम्हाला घाबरवलं; तुम्हाला हवं होतं ते १६०० मिलीमीटर ट्रॅव्हलचं (टेबल तेवढं सरकणारं), एका कॉलमचं सी फ्रेम मशीन न देता महागडं डबल कॉलम, म्हणजे दोन खांबांचं मशीन गळ्यात मारायला बघितलं; दुसऱ्या विक्रेत्याने मात्र आठवड्यात कोटेशन हातात दिलं, असं तुम्ही लिहिलंय. कूपवाड, मिरज, पलूस भागातले डायवाले, म्हणजे साचे बनवणारे, हे वाचणार आणि त्यातले काही जण असंच मशीन घेण्याच्या तयारीत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं ड्रॉइंग तुमच्या पार्टीचं आहे, ते इथे उघड करणार नाही. खाली दिलेली मापं मिलीमीटरमध्ये आणि उदाहरणापुरती माझी आहेत.

आमचा पहिला प्रश्न नेहमी ठोकळ्याच्या वजनाचा असतो. १२०० बाय ८०० बाय ५०० चा पी-२० या साच्याच्या स्टीलचा ठोकळा घ्या. स्टीलची घनता ७.८५ धरली तर तो पावणेचार टनांचा झाला. १७०० बाय ८५० च्या टेबलावर तो मापात बसतो, त्यात वाद नाही. पण या आकाराच्या बऱ्याच सी फ्रेम मशिनांच्या टेबलाची क्षमता दीड ते दोन टन असते, आणि तीसुद्धा वजन टेबलभर सारखं पसरलंय असं धरून. दुप्पट वजन ठेवलं तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. टेबल सरकतं, प्रोग्राम चालतो, डायलही बरी लागते. मग बॉलस्क्रूची (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची) बेअरिंग आणि गाइडवे (टेबल ज्यांवर सरकतं त्या पट्ट्या) लवकर सैल पडतात, अक्षाची दिशा जिथे उलटते तिथे जॉबवर रेघ उमटायला लागते, आणि वॉरंटीसाठी फोन केला की ओव्हरलोडचं कारण पुढे येतं. हे होऊ नये म्हणून वजन विचारायचं. घाबरवायचा हेतू नव्हता.

उंचीचंही तसंच. कॅटलॉगमध्ये झेड ट्रॅव्हल, म्हणजे हेड वरखाली किती जातं ते, ठळक छापलेला असतो, पण डायवाल्याने आधी स्पिंडल नोज (कटर फिरवणाऱ्या दांड्याचं टोक) ते टेबल हे अंतर बघावं. ५०० चा ठोकळा, खाली ८० ची प्लेट, वर होल्डरसकट ३०० चं टूल, आणि टूल बदलताना हलायला थोडी जागा. हजाराच्या आसपास गेलात. हे अंतर ८५० असलेल्या मशीनवर हा ठोकळा चढवल्यावर लांब टूल लावायलाच जागा उरत नाही, आणि खोल कॅव्हिटीला (साच्याच्या पोकळीला) तर लांब टूलच लागतं.

आता डबल कॉलम का सुचवलं ते. सी फ्रेम मशीनमध्ये एकच कॉलम मागे असतो आणि स्पिंडल त्याच्यापासून पुढे काढलेला असतो. वाय ट्रॅव्हल (पुढे-मागे सरकणं) जितका मोठा, तितका स्पिंडल पुढे. हात लांब करून भरलेली कळशी धरावी तसा तो भार आहे. हात जितका लांब, तितकी कळशी हलते. वाय ५०० चं असताना हे जाणवत नाही. ८५० च्या वर गेल्यावर रफिंगमध्ये (पहिल्या जाड कापाईत) आवाज बदलतो आणि फिनिशिंगमध्ये (शेवटच्या बारीक कापाईत) पृष्ठभागावर लाटा दिसतात. डबल कॉलममध्ये हेड दोन खांबांवर टेकलेल्या आडव्या बीमवर फिरतं, त्यामुळे टेबल रुंद झालं म्हणून हेडचा ओव्हरहँग वाढत नाही. चांगलं जड कास्टिंग असलेली सी फ्रेम मशीनंही आहेत आणि ती आम्ही विकतोही. पण वाय ८०० ओलांडला आणि काम स्टीलचं असेल तर माझं मत डबल कॉलमकडेच झुकतं.

तुमची सर्वांत मोठी तक्रार स्पिंडलबद्दल होती. बीटी ४०, १२,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) हवं असताना आम्ही बीटी ५० चा आग्रह का धरला? टूल ज्या निमुळत्या खोबणीत बसतं ती म्हणजे टेपर, आणि बीटी ४०, बीटी ५० हे तिचे आकार. बीटी ४० च्या टेपरचा मोठा व्यास ४४.४५ मिलीमीटर, बीटी ५० चा ६९.८५. ६३ चा इन्सर्ट कटर (पाती बदलता येणारा) लावून स्टीलचा ठोकळा पोखरताना सगळा झटका त्या टेपरवर येतो. त्यात टूल लांब. टूलचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे टूल दुप्पट बाहेर काढलं की तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. अशा कामाला जाड होल्डर आणि कमी आरपीएमला भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. १५ किलोवॉटची मोटर १५०० आरपीएमला जेमतेम ९५ न्यूटन मीटर देते, हे कोणीही हिशेब करून बघावं. कॅटलॉगमधले किलोवॉट बघून हा टॉर्क कळत नाही, त्यासाठी स्पिंडलचा आलेख मागावा लागतो.

पण तुमचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, आणि हे मी तुम्हाला समोरही बोललो होतो. फिनिशिंगला आरपीएम लागतातच. १० चा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) ०.२ मिलीमीटर खोलीवर सपाट भागात चालतो तेव्हा त्याचा कापणारा व्यास १० नसतो, २.८ च असतो. ६००० आरपीएमला तिथला कटिंग स्पीड मिनिटाला ५३ मीटर, आणि १५,००० ला १३२. गिअरवाला ६००० चा बीटी ५० घेतला तर रफिंग झकास होईल, पण फिनिशिंग रेंगाळेल आणि पॉलिशवाला वैतागेल. म्हणून आम्ही गिअरचा बीटी ५० सुचवला नव्हता. डायरेक्ट ड्राइव्हचा (मोटर थेट जोडलेला), १० ते १२ हजार फिरणारा बीटी ५० सुचवला होता. मशीन महाग झालं ते मुख्यतः त्यानेच.

तुमचा प्रोग्राम मागितला, त्यात पंधरा दिवस गेले, असंही तुम्ही म्हणता. तो मागितला कारण रॅपिड (काही न कापता सरकायचा वेग) मिनिटाला ३० मीटर आहे की ३६, याने डायवाल्याच्या घरात काही येत नाही. १००० बाय ७०० चा पृष्ठभाग ०.३ स्टेपओव्हरने (शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर), मिनिटाला ३००० फीडने (कापताना सरकायचा वेग) फिनिश केला तर हिशेबाने १३ तास लागतात. पण वक्र पृष्ठभागाचा प्रोग्राम म्हणजे हजारो बारीक सरळ तुकडे. कंट्रोलने, म्हणजे मशीनच्या संगणकाने, पुढचे तुकडे आधी वाचून वेग सांभाळला नाही, तर प्रत्येक वळणावर मशीन अडखळतं आणि सरासरी फीड १२०० वर येतो. तेव्हा त्याच कामाला ३२ तास. फानुक कंपनीच्या कंट्रोलमध्ये यासाठी एआय कंटूर कंट्रोल असतं, आणि कोटेशनमध्ये कोणती पायरी दिलीय हे नीट वाचावं लागतं. स्वस्त कोटेशनमध्ये ते नसलं तर फरक तिथेच पडलेला असतो. विक्रेत्याचा नमुना प्रोग्राम सगळ्याच मशीनवर छान पळतो. म्हणून तुमचाच प्रोग्राम, तुमच्याच टॉलरन्सने, घड्याळ लावून चालवायचा होता.

अचूकतेच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. एकच मशीन जेआयएस या जपानी मानकाच्या पद्धतीने मोजलं तर आकडा लहान दिसतो, व्हीडीआय ३४४१ या जर्मन पद्धतीने मोजलं तर मोठा. दोन कोटेशनमधले मायक्रॉन शेजारी ठेवण्याआधी मानक कोणतं ते विचारा.

शेडच्या चौकशीचं. तेरा तास चालणारं फिनिशिंग दुपारी सुरू होऊन पहाटे संपतं. सांगलीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढ्या वेळात १० अंशांचा फरक सहज पडतो. स्टील दर मीटरला दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. १२०० च्या ठोकळ्यात ते १३८ मायक्रॉन झाले. मशीनही वाढतं, पण दोघं एकाच वेगाने तापत नाहीत आणि निवत नाहीत, आणि जो फरक उरतो तो दुपारचा आणि रात्रीचा भाग जिथे जुळतो तिथे पायरी होऊन दिसतो. लिनिअर स्केल (सरकणं थेट मोजणाऱ्या पट्ट्या) घेतले तर बॉलस्क्रू तापण्याचा दोष जातो, शेडचा जात नाही. मातीचं तर आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. साध्या कोब्यावर ठेवलेल्या मोठ्या मशीनचं लेव्हल दोन ऋतूंत हलतं, आणि मग दोष मशीनला लागतो. फाउंडेशन खणायचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तो खरेदीदाराने आधीच धरलेला बरा. क्रेनचंही तेच: पावणेचार टनांचा ठोकळा नुसता उचलायचा नसतो, उलटायचाही असतो. तीन टनांच्या क्रेनखाली तो कामगारांच्या जिवाशी खेळ आहे, आणि त्या बाबतीत मी गप्प बसणार नाही.

महाग मशीन विकलं की आम्हाला कमिशन जास्त मिळतं, हे खरं आहे. पण तुम्हाला दिलेल्या पत्रात दुसरा पर्यायही होता, तो अभिप्रायात आलेला नाही. मोठे ठोकळे वर्षाकाठी मोजकेच येत असतील तर ते जॉबवर्कला बाहेर द्या, आणि इन्सर्ट, स्लायडर, इलेक्ट्रोड असल्या लहान भागांसाठी १००० ट्रॅव्हलचं चांगलं बीटी ४० मशीन घ्या, असं त्यात लिहिलं होतं. १६०० चं सी फ्रेम, डबल कॉलम आणि हे, या तिन्हींत सर्वांत कमी कमिशन त्याच मशीनवर होतं. हप्त्याचं ओझं बघता मला आजही तोच पर्याय तुमच्यासाठी बरा वाटतो.

आणि जे वाचक किर्लोस्करवाडीपासून शिरोलीपर्यंतच्या फाउंड्र्यांना अॅल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स (ओतकामाचे साचे करायचे नमुने) पुरवतात, त्यांनी हे वाचून १६०० च्या सी फ्रेमला नाव ठेवू नये. अॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, कापायला हलकं, आणि १२,००० आरपीएमचा तिथे पुरेपूर उपयोग होतो. त्या कामाला साहेबांनी निवडलेलं मशीन अगदी योग्य आहे.

साहेब, तुम्ही दुसरीकडे ऑर्डर दिली असेल तर पैसे पूर्ण भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: टेबलाची क्षमता, कंट्रोलच्या पर्यायांची यादी, आणि मशीन तुमच्या शेडमध्ये बसल्यावर तुमच्याच डायचा एक भाग कापून दाखवण्याची अट. बॉलबार चाचणीसाठी (मशीन वर्तुळात बरोबर फिरतं का ते बघायला) आमचा इंजिनिअर हवा असेल तर मशीन कोणाकडूनही घेतलेलं असो, कूपवाडच्या ऑफिसला कळवा. त्याचे पैसे घेणार नाही. तुमचा प्रोग्राम आणि ड्रॉइंग आमच्या संगणकावर आहे. नको असेल तर तसं सांगा, त्याच दिवशी काढून टाकतो.