छोटा दवाखाना आहे म्हणून काय झालं?

आज सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी दारातच उभी होते. गाडीवरचा पोरगा, असेल वीस-बावीस वर्षांचा, कोपऱ्यावरच्या दवाखान्याची काळी पिशवी फोडून ओला-सुका वेगळा करत होता. हातात मोजे नाहीत. पिशवीतून काय निघालं? रक्ताचा कापूस, सलाईनचा सेट आणि टोपण नसलेल्या सुया. त्यातली एक त्याच्या अंगठ्यात घुसली. त्यानं अंगठा तोंडात घातला, थुंकला आणि पुढच्या घरची बादली उचलली.

मी ओरडलेच. त्याला नळाखाली उभं केलं, साबणानं हात धुवायला लावला, त्याच्या सुपरवायझरला फोन लावला आणि आत्ताच्या आत्ता मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवा म्हटलं. तो पोरगाच मला समजावत होता, "काही नाही होत ताई, हे तं रोजचंच आहे."

रोजचंच आहे!

मग दवाखान्यात गेले. डॉक्टर आलेले नव्हते, कंपाउंडर होता. म्हणाला, "मॅडम, छोटासा दवाखाना आहे आमचा. दिवसाला चार-पाच इंजेक्शनं होतात. तेवढ्यासाठी कोण वेगळी पिशवी ठेवते?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हे माझ्या मित्रयादीतल्या बहुतेकांना माहीत आहे. सुया, रक्त, नमुने यातच माझा दिवस जातो. आणि हे 'छोटंसं आहे' मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकते आहे. माझी पहिली लॅबही छोटीशीच होती. दोन खोल्या, एक सेंट्रिफ्यूज, झाडझूड करायला एक मावशी. निडल कटर, म्हणजे वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र, होता, पण बिघडलेला, आणि दुरुस्त करून आणायला कोणाला वेळ नव्हता. सुया कचऱ्याच्या पिशवीतच जायच्या. एके दिवशी पिशवी बांधताना मावशींच्या तळहातात सुई गेली. मालकांनी डेटॉल लावून दिलं, वर दोनशे रुपये दिले, 'घरी जा' म्हणाले. मी त्यांना रिक्षात घालून मेडिकलला नेलं. वाटेत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "ताई, आता मी घरी जाऊन पोळ्या लाटू का नाही? लेकराले काही होईन का?"

कोणाच्या रक्ताची सुई होती ते कळायला मार्ग नव्हता. औषधं सुरू केली. एचआयव्हीपासून बचावाची ही औषधं जितक्या लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांच्या आत, आणि मग २८ दिवस घ्यायची. मावशींना मळमळायचं, तरी त्या कामावर यायच्या, कारण खाडा झाला की पैसे कापले जायचे. नंतर सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी परत तपासणी. तेवढा सगळा काळ त्या बाईनं आपल्या नातवाची पप्पी घेतली नाही. पप्पीनं काही होत नाही हे मी किती वेळा सांगितलं, ऐकलं नाही त्यांनी. रिपोर्ट चांगले आले. त्यांना सांगितलं तर त्या जिन्यावरच बसल्या आणि रडल्या. मालकांना ते दिसलंही नाही.

म्हणून मला 'छोटंसं आहे' सांगू नका.

कायद्यात छोट्याला सूट नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम एका खाटेच्या, बिनखाटेच्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, जनावरांच्या, सगळ्या दवाखान्यांना लागू आहेत. रक्तदान शिबिरालाही लागू आहेत. सुई पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. सलाईनची नळी, सुई काढलेली सिरिंज, मोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, आणि त्या ४८ तासांपेक्षा जास्त साठवायच्या नाहीत. काचेच्या कुप्या निळ्या डब्यात. यात कळायला कठीण काय आहे? एमबीबीएस झालेल्या माणसाला चार रंग लक्षात राहत नाहीत? बिनखाटेच्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीसुद्धा एकदाच घ्यायची असते. दूर खेड्यात, जिथं हा कचरा नेणारी वेगळी गाडी पोचत नाही तिथं, खोल खड्ड्यात पुरायची मुभा तरी आहे. इथं नागपुरात ती सबबही नाही. ही बायोवेस्टची गाडी शहरात फिरते, धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलांतून रोज पिशव्या उचलते.

हो, ती गाडी छोट्या दवाखान्याकडे रोज येत नाही, आणि महिन्याचे पैसे भरावे लागतात. मान्य.

पण ते पैसे वाचवण्याची किंमत कोण देतंय? दवाखान्यातला जो कर्मचारी हा कचरा हाताळतो, त्याला हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) आणि धनुर्वाताची लस द्यायची असं नियम सांगतो. बरोबरच आहे. लस घेतलेली नसेल तर बाधित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत जाते. एचआयव्हीची १००० मध्ये ३. आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. म्हणजे परवाची सुई आजही धोक्याचीच. आता हीच सुई काळ्या पिशवीत घालून बाहेर ठेवली, की ती ज्याच्या हाती जाते त्याला माहीतच नसतं आत काय आहे. त्या पोराला मी विचारलं, लस घेतली का? "कोणती लस?" म्हणाला. मनपाचे ऐवजदार (कायम नसलेले सफाई कामगार), गाडीवरची पोरं, भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर प्लास्टिक वेचणाऱ्या बाया, यांच्या अंगावर आपण हे टाकतो आहोत. कोरोनात याच लोकांसाठी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या ना?

आणि न कापलेली सिरिंज तिथंच थांबते असंही नाही. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासात हिपॅटायटिस बीची साथ आली, कित्येक माणसं गेली, आणि मुळाशी निघाल्या पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंज. सुई कटरमध्ये घालून दांडा दाबायला किती वेळ लागतो? मी दिवसभर हेच करते. काहीच वेळ लागत नाही.

हे लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे. कोपऱ्यावरचे हे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या सासऱ्यांना रात्री दम लागला तेव्हा चप्पल न घालता धावत आले होते, पैसे घेतले नव्हते. म्हणूनच जास्त लागतंय. पेशंटसाठी धावणाऱ्या माणसाला आपल्याच दारातली पिशवी कोण उचलतं ते दिसू नये? मावशींच्या त्या मालकांचंही तसंच होतं, पेशंटशी फार गोड बोलायचे.

संध्याकाळी परत जाऊन आले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, 'करतो' म्हणाले. मी सांगून आले आहे की पंधरा दिवसांत पांढरा डबा आणि गाडीची नोंदणी दिसली नाही, तर मी प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार देणार, माझ्या नावानिशी. त्यांना राग आला. येऊ दे. त्या पोराच्या सुपरवायझरचा फोन आला होता, मेडिकलला नेलं, औषधं सुरू झाली. लसीचाही पहिला डोस दिला.

आता आपल्या घरांचं. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी इन्सुलिन चालू आहे, आणि त्या सुया ओल्या कचऱ्यात जातात हे मला माहीत आहे. उद्यापासून जाड प्लास्टिकची, झाकण फिरवून बंद होणारी बरणी घ्या, त्यात साठवा, वर ठळक अक्षरात 'सुया' लिहा. सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा भागातले जे असतील त्यांनी बरणी भरली की मला मेसेज करा. आमच्या सरांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. लॅबच्या पांढऱ्या डब्यासोबत या सुयाही बायोवेस्टच्या गाडीत जातील.