थर्मोस्टॅट जाळी साफ करत नाही

गेले काही दिवस आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. काल तोच सोसायटीच्या ग्रुपवरही आला. ‘ड्रायरला आग लागते ही अफवा आहे, त्यात थर्मोस्टॅट असतो. आगी लागतात त्या अमेरिकेतल्या गॅसच्या ड्रायरना. जाळी महिन्यातून एकदा झटकली की पुरे. रात्री मशीन लावून बिनधास्त झोपा, आपोआप बंद होतं.’ बडोद्यात पाऊस लागलाय, घराघरांत सादळलेल्या कपड्यांचा कुबट वास आहे, त्यामुळे हा मेसेज चटकन पटतो. म्हणूनच मला राहवलं नाही.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणाऱ्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. त्यात हीटर नसतो. मी लिहितेय ते गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या मशीनबद्दल. त्यातली जाळी म्हणजे कपड्यांतून सुटलेला कापूस अडवणारी गाळणी.

गॅसची गोष्ट लगेच संपते. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात १८ मजली इमारतीत सातव्या मजल्यावरचा ड्रायर पेटला आणि आग वरच्या मजल्यांवर चढली. तो विजेवरचा होता. आणि अमेरिकेचंच बघायचं, तर तिथल्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० मधल्या आगींचा हिशेब केला. वर्षाला सुमारे २,९०० आगी ड्रायरच्या निघाल्या आणि सगळ्यात मोठं कारण निघालं साफसफाई न करणं, ३४ टक्के.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर बंद करणारा स्विच, असतो, हे खरं. पण तो जिथे बसवलाय तिथल्याच हवेचं तापमान त्याला कळतं. जाळीतून निसटलेला कापूस हीटरच्या आसपास साचतो, ते त्याला दिसत नाही. जाळी तुंबली की हवा अडते, हीटरजवळची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो कापूस पेट घेऊ शकतो. पिंजाऱ्याच्या दुकानात कुणी विडी ओढू देत नाही, ते याच कापसापायी. अजून एक सांगते. हवा अडली की कधी कधी आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज, उडतो. अशा वेळी मेकॅनिक फ्यूज वगळून ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. फ्यूज उडाला म्हणजे वाट कुठेतरी बंद आहे, ती आधी मोकळी करून घ्या.

जाळी दर वेळी साफ करायची, महिन्याने नाही. टॉवेलांचा एकच घाणा काढून बघा, जाळीवर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो, बोटाने अख्खा सोलून निघतो. सॉफ्टनर वापरत असाल तर थर काढल्यावर जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर थबकलं, तर तिच्यावर चिकट पापुद्रा आहे. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळवून मग बसवा. मशीनला बाहेर हवा सोडणारा पाइप असेल तर तोही वर्षातून एकदा सोडवून झाडायला हवा. आमच्या ताईच्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये कपडे दोन-दोन तास ओलेच राहत होते. पाइप काढला तर आत कापसाचा बोळा, त्यात एक टिकली, आणि गॅलरीतल्या तोंडाशी कबुतराने काड्या रचलेल्या.

आता ‘बिनधास्त झोपा’. हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण मशीन बंद झाल्यावरही आग लागू शकते. पुरणपोळीच्या तव्याचं फडकं, बाळाच्या मालिशची दुपटी, अभ्यंगाचे पंचे, यांतलं तेल एका धुण्यात जात नाही. तिळाचं, शेंगदाण्याचं, आपल्या गुजरातेत घरोघरी असतं ते कपाशीचं तेल, ही हवेतला प्राणवायू घेताना स्वतःच उष्णता सोडतात. दोरीवर ती उडून जाते. पण गरम कपड्यांच्या ढिगात ती आतच कोंडते, तापमान चढत जातं आणि काही तासांनी ढीग आतून धुमसू लागतो. ताईकडेच दुपट्यांची गरमागरम चवड कपाटात ठेवली होती. संध्याकाळी जळक्या तेलाचा वास आला म्हणून दार उघडलं, तर मधली दुपटी तपकिरी पडली होती. हात लावला तर चटका बसला. त्या खोलीत बाळ झोपतं.

तेव्हा तेलकट कपडे ड्रायरमध्ये घालूच नका, पंख्याखाली दोरीवर टाका. बाकीच्या कपड्यांसाठी शेवटची थंड हवेची फेरी पूर्ण होऊ द्या, मशीन मध्येच थांबवू नका. कपडे लगेच काढून पसरा. आणि घरातलं कुणीतरी जागं असेल तेव्हाच मशीन लावा. धूर दिसला तर दार उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. हात पोचत असेल तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ फिरवा.