‘नाशिक सोडल्याशिवाय वाढ नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

नवख्या प्रोग्रामरसाठीच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘वर्षभरात नोकरी बदलू नका, असा उपदेश सोपा आहे. माझा धाकटा भाऊ सातपूरच्या छोट्या कंपनीत दोन वर्षं पीएचपी ५.६ मध्ये (वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची जुनी आवृत्ती) बिलांच्या त्याच त्या स्क्रीन करतोय. तिथे तो कुजतोय. पुण्याला गेला असता तर वाढला असता.’

यातलं अर्धं मला पटलं. टिकून राहा म्हणताना निघायचं कधी, हे मी लिहायला हवं होतं. पुण्याचं मात्र पटत नाही. हिंजवडीत जाऊनही तीन-तीन वर्षं एकाच फॉर्ममध्ये फील्ड वाढवत बसलेली आपल्याकडची मुलं मी पाहिली आहेत.

माझी पहिली नोकरी नाशिकमध्येच, अंबडला. स्टॉकचा रिपोर्ट उघडायला सात-आठ सेकंद लागायचे आणि ग्राहकाचा रोज फोन. मी मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे हळू चालणाऱ्या क्वेरींची (डेटाबेसकडे केलेल्या मागण्यांची) नोंद, चालू केला, तर लॉग रिकामा! डेटाबेस ठीक आहे असं धरून दोन दिवस पीएचपीचा कोड चाळला. मग कळलं, मर्यादा बदलली नाही तर तो लॉग १० सेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच टिपतो. ती १ सेकंदावर आणली आणि क्वेरी लगेच सापडली. डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारं एक्सप्लेन लावून पाहिलं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी झटपट शोधून देणारी सूची) होता, तरी अख्खं टेबल वाचलं जात होतं, कारण अटीत तो कॉलम तारखेतून वर्ष काढणाऱ्या इयर फंक्शनमध्ये गुंडाळलेला होता. त्याऐवजी ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी थेट तुलना केली आणि रिपोर्ट चटकन उघडू लागला. ती क्वेरी सहा महिन्यांपूर्वी मीच लिहिली होती. मध्येच नोकरी सोडली असती, तर तिचं पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नसतं. टिकून राहा म्हणतो ते एवढ्यासाठी.

आता तुमच्या भावाचं. पीएचपी ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या. डेटाबेसशी बोलणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शन्स पीएचपी ७ मधून काढूनच टाकली आहेत. त्यांच्या कोडमध्ये ती असतील, तर नव्या आवृत्तीवर जाताना तशी प्रत्येक ओळ बदलावी लागेल. आधी कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या, मग पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि तिच्यातली माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) आणायची, आणि हे सगळं चालू धंदा न थांबवता. एवढं शिकवणारं काम मोठ्या कंपनीत नवख्याच्या हाती सहसा येत नाही. त्याने ते मालकांकडे मागून घ्यावं. एकच मॉड्यूल, एक महिना.

मालक ‘चाललंय ना, हात लावू नकोस’ म्हणाले, आणि ‘हे असं का केलंस?’ असं त्याच्या कोडबद्दल विचारणारंही तिथे कुणी नसेल, तर त्याने खुशाल निघावं. मग पुणे असो की नाशिकच्याच कॉलेज रोडवरची दुसरी कंपनी.

ही अट आज रात्रीच लेखात घालतो. मालक काय म्हणाले ते जरूर कळवा.