ओरखड्याचं संगोपन

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागच्या डाव्या कोपऱ्यावर कुणीतरी घासून गेलं आहे. चाकाच्या मागे पत्र्याला वाटीएवढा पोचा, आणि तिथून बंपरच्या कोपऱ्यापर्यंत वीतभर ओरखडा. नीट हाताळलं तर हे प्रकरण दोन दिवसांत आणि पाच-सहा हजारांत मिटण्याची दाट भीती आहे. पण खचून जाऊ नका. पुढच्या सूचना पाळल्यात तर हाच ओरखडा तीन वर्षं आणि किमान दोन वार्षिक सभा सहज पुरेल.

पहिलं काम, गाडी धुऊन घ्या. कपडा ओला करून, कोपरा चांगला चोळून. समोरच्या गाडीचा रंग तुमच्या बंपरवर पातळ थरासारखा चिकटलेला असतो, तो रबिंग कंपाउंडने किंवा थिनरच्या बोळ्याने छान निघतो. पांढऱ्या गाडीवर लाल रेघ कुठून आली हे शेंबड्या पोरालाही सांगता येतं, त्यामुळे ती जायलाच हवी. धुळीचंही तसंच. धुळीचा थर कापत गेलेली रेघ ताजी असते. जुन्या चऱ्यात मळ आणि पॉलिश बसलेलं असतं. शिवाय घासणारी गाडी ज्या दिशेने गेली, त्या टोकाला रंगाच्या बारीक खपल्या साचतात, म्हणजे धडक पुढून मागे झाली की मागून पुढे, हेही उघड होतं. एका बादलीत हे सगळं निकालात निघतं.

फोटो मात्र काढा, पण पंधरा दिवसांनी. पत्रा उघडा पडला असेल तर पुण्याच्या पावसाळ्यात तो दोन-चार दिवसांत तांबूस व्हायला लागतो. मग शेजारच्या जागेत गाडी लावणारे काका, ज्यांच्यावर तुमचा संशय आहे, तुमच्याच फोटोवर बोट ठेवून म्हणतील, "अहो, गंज बघा. हे गेल्या वर्षीचं आहे." काढताना मोबाइल इतका जवळ न्या की तो बंपर आहे की चंद्राचा पृष्ठभाग, हे कळता कामा नये. नंबर प्लेट, खांब, पार्किंगचा आकडा, शेजारची गाडी यांतलं काहीही चौकटीत येऊ देऊ नका.

आणि टेपला हात लावू नका. जमिनीपासून ओरखडा 54 सेंटिमीटरवर आहे आणि काकांच्या गाडीच्या पुढच्या बंपरवरचा चरा 53 वर, असं काही निघालं तर वादातली सगळी मजा जाते. एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतोच. टायरमधली हवा कमी-जास्त असते, गाडीत माणसं असतात, आणि मागे येताना ब्रेक दाबला की गाडी मागे बसते, नाक किंचित उचललं जातं. दहा सेंटिमीटरचा फरक निघाला तर काका निर्दोष असण्याची शक्यता आहे. ती कशाला तपासायची?

आता काकांकडे जा. रात्री साडेनऊ ही उत्तम वेळ, जेवणं चालू असतात. बेल वाजवून सुरुवात "तुम्ही ठोकून पळालात" अशीच करा. इथे एक बारीकशी अडचण आहे. काकांना खरोखरच कळलं नसण्याची शक्यता मोठी आहे. नाक आत घालून लावलेली गाडी मागे काढताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो आणि पुढचा उजवा कोपरा बाहेर फिरतो, नेमका तुमच्या मागच्या चाकाच्या जागी. त्या क्षणी काकांची नजर मागच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर असते. सेन्सरही मागेच असतात. काच बंद, एसी चालू, आणि प्लॅस्टिकचा बंपर घासला गेला तर आत फक्त "खर्र" असा आवाज येतो, जो बहुतेक लोक रॅम्पवरच्या खडीवर ढकलतात. हे सगळं त्यांना शांतपणे खाली नेऊन दाखवलं तर दहातले पाच-सहा काका "अरेच्या" म्हणतील, हा माझा अंदाज. म्हणून खाली नेऊ नका. दारातच आवाज चढवा. एकदा माणूस घरच्यांसमोर "मी नाही" म्हणाला, की पुढे पुरावा दाखवूनही तो शब्द मागे घेत नाही.

तुम्ही काका असाल, तर तुमच्यासाठीही सोय आहे. "अहो, आमची गाडी तिकडून वळतच नाही" हे वाक्य पाठ करा. मग "आमच्याही बंपरला लागलंय, ते कोण देणार?" हे. उभ्या गाडीने चालत्या गाडीला धडक दिली, असा याचा अर्थ होतो, पण सभेत तो कुणाच्या लक्षात येत नाही. समोरचा रेषेबाहेर अर्धा फूट उभा होता असं निघालं तर उत्तमच. रेषेबाहेर उभं राहणं आणि धडक देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांचं छान मिश्रण होतं. खरंच अर्धा फूट बाहेर असेल तर दोष थोडा वाटला जाऊ शकतो, हे खरं. थोडा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला विसरू नका. काकांच्या गाडीचा नंबर, "काही सुशिक्षित लोक" आणि तीन लाल तोंडं. उत्तरादाखल काकांनी भावनेच्या भरात "ठीक आहे, माझी चूक, सगळे पैसे देतो" लिहिलं, तर तो आणखी मोठा विजय. मोटार विमा पॉलिसीतली एक अट सांगते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करू नये, पैसे देण्याचं वचन देऊ नये. म्हणजे पुढे कधी दावा त्यांच्या कंपनीकडे गेला, तर कंपनीच्या हातात आक्षेपाचं आयतं कारण.

सीसीटीव्हीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. आहे ना. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याची, डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं बसतं. सोसायटीत ते दहा दिवसांत होतं की तिसाव्या दिवशी, हे सेक्रेटरींना माहीत नसतं. म्हणून अर्ज लेखी देऊ नका, तारीख आणि वेळेचा टप्पा कळवू नका, फुटेज पेनड्राइव्हवर उतरवून मागू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, "ही बघा, ही बघा, आली" या समालोचनासह. डीव्हीआरचं घड्याळ बहुधा पुढे-मागे असतं. खऱ्या वेळेशी ताडून किती मिनिटांचा फरक आहे ते कागदावर लिहून ठेवणं ही क्षुल्लक बाब आहे, टाळा. त्या फरकावरच काका म्हणणार आहेत की त्या वेळी ते बँकेत होते. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, डिजिटल पुरावा खरा असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि स्क्रीनवरून मोबाइलने काढलेल्या व्हिडिओसाठी ते मिळवणं अवघड जातं.

मग गॅरेज. तिथे पहिला प्रश्न येईल, "इन्शुरन्सचं की कॅशचं?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधीच तुमचा पोचा दोन आकड्यांत विभागला गेलेला असतो. इन्शुरन्सच्या एस्टिमेटमध्ये बंपर नवा, कोपरा डेंटिंग, दोन पॅनेल रंग, क्लिप, ब्रॅकेट आणि "कन्झ्युमेबल्स". कॅशच्या एस्टिमेटमध्ये तोच बंपर सरळ करून रंगवणं आणि एक चहा. काकांकडे अर्थातच पहिलं न्या. दुसरं त्यांना त्यांचा ओळखीचा गॅरेजवाला सांगेलच.

इथे जरा थांबतो, कारण दोघंही थोडे-थोडे बरोबर असतात. मागच्या चाकावरचा पत्रा, ज्याला गॅरेजमध्ये क्वार्टर म्हणतात, तो बोल्टने बसवलेला नसतो, बॉडीला वेल्ड केलेला असतो. वाटीएवढ्या पोच्यासाठी तो कापून बदला म्हणणारा माणूस तुमचं किंवा काकांचं भलं बघत नाही. पोचा ओढून, अगदी थोडी पुट्टी लावून, प्रायमर, रंग, क्लिअर कोट, एवढं पुरतं. पण रंग मेटॅलिक किंवा पर्ल असेल, तर फक्त तेवढाच ठिपका मारला की उन्हात डाग दिसतो, म्हणून रंग शेजारच्या पॅनेलवर पातळ करत न्यावा लागतो. दरवाजाही रंगवावा लागेल म्हणणारा प्रत्येकजण लुबाडत नसतो. बंपरचं उलट आहे. प्लॅस्टिकचं आवरण धक्का बसून परत जागेवर येतं, वरून फक्त ओरखडा दिसतो, आणि आतला बाजूचा ब्रॅकेट तुटलेला असतो. बंपर आणि पत्रा यांच्यामधली फट डाव्या-उजव्या बाजूला सारखी आहे का, ते बघितलं की कळतं. डावीकडे बोट जातंय आणि उजवीकडे नख जात नाही, म्हणजे ब्रॅकेट गेला. म्हणून बंपर खोलायच्या आधीच रोख घेऊन "सर्व हिशोब पूर्ण" लिहून द्या. खोलल्यावर तुटका ब्रॅकेट आणि बाहेर लोंबणारा सेन्सर निघेल, तेव्हा पुन्हा साडेनऊला बेल वाजवता येईल.

विमा आहेच, मग क्लेम करून टाका. हिशोब करत बसू नका. ज्यांना बसायचंच आहे त्यांच्यासाठी: समजा गाडी चार वर्षांहून जुनी, इंजिन 1500 सीसीच्या आत, बंपर 6,000, दोन पॅनेलचा रंग 6,000, मजुरी 2,000, एकूण 14,000, जीएसटी सोडून. प्लॅस्टिकच्या भागावर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, 50 टक्के, म्हणजे 3,000 गेले. रंगाच्या बिलातला 25 टक्के भाग मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मा कापतात, म्हणजे 750. सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्हीच सोसायचा ठरलेला भाग, 1,000. हातात 9,250. आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर होता आणि बोनसआधीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम 8,000 होता, तो तसाच राहिला असं धरू. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढच्या नूतनीकरणांना 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत परत 50 वर पोचतो. या चढणीत तुम्ही अनुक्रमे 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400 रुपये जास्त भरता. बेरीज 10,000. म्हणजे पाच वर्षांत साडेसातशे रुपये पदरचे घालून तुम्ही विमा कंपनीकडून स्वतःचेच पैसे आणलेत. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, असेल तर गणित उलटतं, हातात 13,000 येतात. बोनस संरक्षणाचं कवच घेतलं असेल तर आणखी. पण पॉलिसी उघडून बघणं हे नव्या गाडीच्या पूजेसारखं आहे, एकदाच करायचं.

क्लेम फॉर्म भरताना शेजारधर्म आठवा आणि "अज्ञात वाहनाने धडक दिली" असं लिहा. ग्रुपवर काकांचा नंबर टाकून तीन दिवसच झालेत, त्यामुळे दोन्ही कागद एकत्र वाचायला रंजक होतात. त्याच फॉर्ममध्ये पुढच्या उजव्या कोपऱ्यावरचा दिवाळीतला ओरखडाही घाला, एकाच खर्चात. एकाच धडकेत गाडीचा मागचा डावा आणि पुढचा उजवा कोपरा कसा लागला, हे सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान बघायला येणाऱ्या विम्याच्या माणसाला, समजावून सांगताना चित्र काढा. तो दोन घटना म्हणेल, दोन क्लेम म्हणेल, दोन वजावटी म्हणेल. आणि त्याने बघायच्या आधी दुरुस्ती उरकून ठेवलीत, तर त्याला यायचीही गरज नाही.

काकांच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे मिळवायचेत? खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख असते, काहींनी थोडा प्रीमियम वाचवायला ती 6,000 वर आणलेली असते. काकांचा बोनस त्याने जात नाही, तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमशी बांधलेला असतो. ही एक गोष्ट काकांना कुणी सांगितली तर ते बरेच मऊ होतील, त्यामुळे सांगू नका. बाकी हा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो, आणि कंपनीचा वकील पहिल्या तारखेला विचारू शकतो की साखळी लावलेलं, वॉचमन बसवलेलं पार्किंग ही सार्वजनिक जागा कशी. चौदा हजारांसाठी एवढं मनोरंजन पुष्कळ झालं.

पोलीस चौकीत जरूर जा आणि "हिट अँड रन" म्हणा. नकळत लागलेला धक्का हा मुळात दिवाणी मामला आहे, मालमत्तेच्या आगळिकीला हेतू किंवा जाणीव लागते, हे हवालदारसाहेब तुम्हाला फार तर दोन वाक्यांत सांगतील आणि आपसात मिटवायला पाठवतील. तक्रार लिहून पोच घेतलीत तर विम्याला उपयोगी पडली असती. पण तुम्ही तोवर चिडून बाहेर पडलेले असाल.

राहिली सोसायटीची समिती. भरपाई ठरवायचा तिला काही अधिकार नाही, म्हणूनच ती तीन तास चर्चा करू शकते. त्यात पाण्याचा टँकर, भाडेकरूंच्या दुचाकी आणि 2019 चा पेंटिंगचा ठेका येऊन जाईल. शेवटी "दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवावा" असा ठराव होईल.

एवढं सगळं करून गाडी रंगली की काही वर्षांनी विकायला काढा. घेणाऱ्याबरोबर येणारा मेकॅनिक रंगाची जाडी मोजायचं मीटर पत्र्यावर टेकवत गाडीभोवती फिरेल. दरवाजावर 110, 120 मायक्रॉन. मागच्या डाव्या क्वार्टरवर 290. तो तिथेच थांबेल, पुन्हा टेकवेल आणि विचारेल, "साहेब, मोठा ॲक्सिडेंट होता का?" नाही म्हणा. तेवढ्यात काका खाली आले असतील, तर ते सांगतील.