ग्रेंडेलच्या आईबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम,

'बेवुल्फ'वरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करून टाकतो. मागच्या लेखात मी 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्याला 'इंग्रजीतलं पहिलं काव्य' म्हटलं होतं, ते चुकलंच. कॅडमन या गुराख्याच्या नावावरचं नऊ ओळींचं स्तोत्र सातव्या शतकातलं मानतात, आणि त्याची हकिकत बीड या इतिहासकार भिक्षूने ७३१ च्या सुमाराला लिहून ठेवली आहे. 'बेवुल्फ' नेमकं कधी रचलं गेलं यावर अजून वाद चालूच आहेत. आपल्या हाती आहे ती इ. स. १००० च्या आसपासची एकमेव प्रत, ३१८२ ओळींची. तीही १७३१ च्या आगीत कडा करपून कशीबशी वाचली. 'पहिलं' हा शब्द लेखातून काढलाय.

आता तुमचा खरा राग. (ग्रेंडेल हा डेन राजा ह्रोथगारच्या महालात माणसं मारणारा राक्षस; नायक बेवुल्फ त्याचा हात उपटून त्याला मारतो, मग त्याची आई येते.) तुम्ही लिहिलंय, "ग्रेंडेलच्या आईला दुःखी आई ठरवणं ही आजची फॅशन आहे. कवीच्या लेखी ती केनच्या कुळातली राक्षसीण आहे. तिला आपलं काळीज बसवू नका." मलाही कधीकाळी असंच वाटायचं. बी. ए.ला गाईडवर भिस्त होती. त्यात बेवुल्फच्या तीन लढाया (ग्रेंडेल, त्याची आई, ड्रॅगन) म्हणजे तीन मुद्दे, आणि मधल्या लढाईला जेमतेम दोन ओळी. पुढे मूळ ओळी शब्दकोश घेऊन अडखळत वाचल्या तेव्हा मत बदललं.

केनचं, म्हणजे बायबलमधल्या भावाचा खून करणाऱ्याचं, कूळ मान्य. ती हावरी आहे, हेही कवीच म्हणतो. पण त्याच वाक्यात तो पुढे सांगतो की ती 'दुःखाच्या वाटेला' निघाली, मुलाच्या मरणाचा सूड घ्यायला. हे दुःख मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. ती येते, राजा ह्रोथगारचा जिवलग सल्लागार अ‍ॅशहेरे याला उचलते आणि मुलाचा तोडलेला हात घेऊन जाते. पहिल्याच रात्री तीस माणसं नेणारा तिचा मुलगा, आणि ही नेते एक. लोक जागे झाले म्हणून ती घाईने पळाली, एवढ्यावर भागलं ते त्यामुळे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, काव्यात तसंच आहे. पण त्यानंतर कवी स्वतः मध्ये येऊन म्हणतो की हा सौदा बरा नव्हता, दोन्ही बाजूंना आपल्या माणसांच्या जिवाने किंमत मोजावी लागली. 'दोन्ही बाजूंना', मॅडम. नुसतं श्वापदच मारायचं असतं तर कवीने दुसरी बाजू कशाला मोजली असती?

आणि बेवुल्फ रडणाऱ्या ह्रोथगारला काय सांगतो? शोक करत बसण्यापेक्षा आपल्या माणसाचा सूड घेणं केव्हाही चांगलं. आदल्या रात्री त्या बाईने दुसरं काय केलं होतं! नायक ज्या नियमाने तलवार उचलतो, त्याच नियमाने तीही आली होती. तिला निर्दोष म्हणण्याचा माझा हट्ट नाही. कवीने तिला हिशेबाबाहेर ठेवलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही ज्याला 'फापटपसारा' म्हणता त्या उपकथांचंही तसंच. ग्रेंडेल मेल्यावर हेओरोटमध्ये, ह्रोथगारच्या महालात, मेजवानी चालू आहे आणि दरबारी शाहीर हिल्डेबुरची गोष्ट गातो. ही डेन्मार्कची राजकन्या, फ्रिसियाच्या राजाला, फिनला दिलेली. माहेरचे आणि सासरचे एकमेकांवर तुटून पडतात. माहेरच्या बाजूचा भाऊ जातो, सासरच्या बाजूचा मुलगा जातो. ती मुलाला मामाच्या चितेवरच ठेवायला लावते, आणि ज्वाळांत डोकी कशी वितळतात, जखमा कशा उकलतात हे कवी सांगत राहतो. शेवटी माहेरचे लोक फिनलाही मारून तिला परत घेऊन जातात. ऐकणाऱ्या डेन लोकांना हे विजयाचं गाणं! ते संपतं न संपतं तोच ह्रोथगारची राणी वेल्थेओ प्याला घेऊन येते आणि आपल्या दोन मुलांना सांभाळून घ्या म्हणून विनवते. सगळे झोपतात. मग ती येते, ग्रेंडेलची आई. एका संध्याकाळीत लागोपाठ तीन आया. हिल्डेबुरला पसारा म्हणून उचलून बाजूला ठेवलंत तर तिसरी आई नुसती राक्षसीणच उरणार, यात नवल नाही.

शब्दांचीही गंमत बघा. ग्रेंडेलसाठी कवी 'आग्लेका' हा शब्द वापरतो, आईसाठी त्याचंच स्त्रीरूप. शेवटच्या लढाईत ड्रॅगन आणि बेवुल्फ पुन्हा समोरासमोर येतात तेव्हा दोघांना मिळून हाच शब्द येतो. क्लेबर या अभ्यासकाने संपादलेली 'बेवुल्फ'ची आवृत्ती कैक पिढ्यांनी अभ्यासाला वापरली. तिच्या शब्दसूचीत ग्रेंडेलपुढे या शब्दाचा अर्थ 'राक्षस' आणि बेवुल्फपुढे 'वीर' असा दिलेला आहे. शब्द एकच, अर्थ माणूस बघून. मग आपलं काळीज नक्की कोणी बसवलं?

राहता राहिली 'कोडी', म्हणजे केनिंग, वस्तूला आडवळणाने दिलेली जोडनावं. समुद्राला 'देवमाशाची वाट' म्हणणं तुम्हाला उगाच नटवं वाटलं. थोडं खरं आहे. पुष्कळदा ते वृत्ताच्या सोयीसाठीच असतं. प्रत्येक ओळीचे दोन अर्धे सुरुवातीच्या सारख्या ध्वनीने बांधायचे, म्हणून एकाच वस्तूला वेगवेगळ्या अक्षरांची नावं हाताशी लागतात. आपल्याकडे चक्रपाणी, लंबोदर म्हणताना कोणी कोडं सोडवायला बसत नाही, तसंच त्या श्रोत्यांचं असावं.

पण सगळीच तशी नाहीत. 'बानहूस' घ्या, हाडांचं घर, म्हणजे शरीर. म्हातारा बेवुल्फ ड्रॅगनकडे जाण्यापूर्वी तरुणपणीची आठवण सांगतो: डेग्रेव्हन नावाच्या योद्ध्याला त्याने तलवारीने नाही, नुसत्या मिठीने मारलं, त्याचं हाडांचं घर मोडलं. पुढे सहाशेहून जास्त ओळी जातात. बेवुल्फ मेलेला असतो, त्याच्या माणसांनी चिता रचलेली असते, धूर चढतो, वारा पडतो, आणि आग जळत राहते, त्याचं हाडांचं घर मोडेपर्यंत. तोच शब्द, तेच क्रियापद.