प्रतिक्रियेला उत्तर: खंडोबाचा घोडा उसना नाही

नमस्कार,

देव्हाऱ्यातल्या घोड्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की घोडा मुळात बाहेरचं जनावर, शंकराचं वाहन नंदी, आणि खंडोबाला घोड्यावर बसवलं ते मराठेशाहीतले सरदार बघून. घोडे बाहेरून येत, हे मान्य. सरदारांचं मुळीच मान्य नाही.

१४७०च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी आपल्या मुंबईच्या दक्षिणेला चौल बंदरात उतरला, तो विकायला घोडा घेऊनच. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला, इतकं ते जनावर मोलाचं! पण त्याच्या कितीतरी आधी नाणेघाटातल्या, सातवाहन राणी नागनिकेच्या कोरीव लेखात सातवाहनांच्या अश्वमेधाची नोंद आहे. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांतल्या विहारात चार घोड्यांच्या रथातला सूर्य कोरलेला आहे (लेणी बौद्ध, आणि तो सूर्यच का यावर वाद आहे, तरी मला सूर्यच पटतो). दोन हजार वर्षं सह्याद्रीच्या दगडात असलेल्या जनावराला मी परकं म्हणणार नाही.

आता सरदार. खंडोबाची कथा सांगणारा ‘मल्हारी माहात्म्य’ हा ग्रंथ जर्मन अभ्यासक सोन्थायमर यांनी १४६० ते १५१०च्या दरम्यानचा मानला आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा. या ग्रंथातला मणी दैत्य मरताना आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि तुझ्या देवळात मला जागा दे म्हणतो. देव ती देतो. हरलेल्याचा घोडा देवाखाली आणि हरलेलाही पूजेत, ही कल्पना मला फार मोठी वाटते. नंदीच घोडा झाला असंही सांगतात, म्हणजे तुमचा नंदीही कुठे गेला नाही.

आणि हा घोडा पुजतं कोण? खड्ग उगारलेला खंडोबा, सोबत म्हाळसा, पायाशी कुत्रा असा चांदीचा टाक (देवाची प्रतिमा उठवलेला छोटा पत्रा) मुंबईच्या सोनकोळ्यांच्या देव्हाऱ्यात असतो, घाटावरच्या धनगरांकडे असतो. कोळ्याच्या दारात होडी असते. घोडा त्याने कधी बाळगला नाही. त्याने सरदाराची नक्कल केली नाही, जगातली सगळ्यात महाग वस्तू आपल्या देवाला दिली. वारीतल्या रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात.

तमिळनाडूतल्या श्रीरंगमच्या देवळाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. शेषरायर मंडपाच्या खांबांवरचे उधळलेले घोडे आणि वाघांवर तुटून पडणारे स्वार हे राजसत्तेचंच प्रदर्शन आहे. त्यांना खंडोबाच्या घोड्याशेजारी बसवू नये.