पाडकामाची अट निविदेतच हवी

मुंबई-पुण्यातील ज्या नातेवाइकांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यांच्याशी होणारे बोलणे कार्पेट एरिया, कॉर्पस (विकासकाकडून सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडे यांपलीकडे जात नाही. राहत्या घराचा प्रश्न असल्याने ते स्वाभाविक आहे. परंतु पाडकामातून निघणाऱ्या राडारोड्याचे काय होणार, हे कोणीच विचारत नाही, याची नेदरलँड्समध्ये बांधकाम-खरेदीच्या क्षेत्रात काम करताना मला मनापासून खंत वाटते.

ॲमस्टरडॅममध्ये नवे न्यायालय बांधायचे असल्याने २०१६ मध्ये तात्पुरते न्यायालय उभारले गेले. सरकारने आराखडा, बांधकाम आणि देखभाल यांबरोबरच मुदत संपल्यावर इमारत काढून नेण्याची जबाबदारीही त्याच कंत्राटात घातली. काढण्याचा खर्च आपल्याच माथी येणार हे ठाऊक असल्यामुळे बांधणाऱ्यांनी काँक्रीटचे तयार स्लॅब पोलादी सांगाड्याला असे जोडले, की ते न फोडता उचलता यावेत. पुढे ती इमारत सुटी करून एन्स्खेडे शहरात पुन्हा उभारण्यात आली. वास्तुरचनाकारांची कल्पकता होतीच, पण तिला वाव मिळाला तो निविदेतील कलमामुळे. अर्थात, इथेही सगळे आदर्श नाही: पाडलेल्या काँक्रीटचा मोठा भाग आजही रस्त्यांच्या भरावातच जातो.

आपल्याकडे जुन्या मालाचा बाजार केव्हाचाच आहे. पाडकाम करणारा ठेकेदार सळ्या, खिडक्या, सागवानी चौकटी यांचा हिशेब मांडूनच बोली लावतो. उरते ते काँक्रीट आणि विटा, कारण त्यांना भाव नाही. खरे तर आयएस ३८३ हे भारतीय मानक २०१६ पासून एम-२५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत पुनर्वापराची, म्हणजे जुने काँक्रीट फोडून केलेली, खडी वापरू देते. उंच इमारतींचे खांब याहून बळकट काँक्रीटचे असतात, त्यामुळे तिथे ती चालणार नाही. पण पायाखालचे पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट) आणि आवारातले पेव्हर ब्लॉक यांत ती सहज खपेल.

‘हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत,’ असे मला अनेकदा ऐकवले जाते, आणि ते मला मान्य नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातील कलम ७९ (अ) खालील पुनर्विकासाच्या निर्देशांनुसार सल्लागार नेमून निविदा मागवण्याचा मार्ग सोसायट्यांना उपलब्ध आहेच. त्याच निविदेत पाडण्यापूर्वी मालाची यादी, राडारोडा प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याची पावती आणि पुनर्वापराच्या खडीचे किमान प्रमाण, एवढ्या अटी घालता येतील. विकासकाशी करारनामा झाल्यावर सभासदांच्या शब्दाला वजन उरत नाही, म्हणून हा विषय सल्लागार निविदेचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे ठेवील, तेव्हाच मांडला पाहिजे.